जुन्या ऑस्ट्रेलियन नोटा (१९५३ ते १९६७): जमवायच्या तर थांबायचं कुठे?

समईवात
नमस्कार मंडळी. ऑस्ट्रेलियात जिलाँगला राहायला येऊन मला आता अकरा वर्षं होतील. शेजारच्या आजी पुढच्या महिन्यात घर विकून मुलीकडे जाणार आहेत. आवराआवर करताना त्यांनी मला एक जाड पाकीट दिलं आणि म्हणाल्या, "तुला जुन्या गोष्टींची आवड आहे, तूच ठेव." आत नोटा होत्या: दहा शिलिंगची एक, एक पौंडाच्या दोन, पाच पौंडांची एक. शिवाय कागदी डॉलर: एकची, दोनची आणि दहाची. एकही नोट फाटलेली नाही, पण घड्या बऱ्याच आहेत.

आठवडाभर रोज रात्री त्या टेबलावर मांडून बसते. भिंगातून बघताना एवढा बारीक रेघांचा पसारा दिसतो की डोळे दिपतात. नेटवर शोधलं तर सह्या, अक्षरं, चांदण्या, क्रमांक यांचा सगळा गोंधळच. माझे प्रश्न साधे आहेत.

एक पौंडाच्या दोन नोटा मला अगदी सारख्या दिसतात. त्या खरंच सारख्या आहेत का? हा संच पुरा करायचा तर काय काय लागेल? आणि हा छंद कुठे थांबवावा? विकायच्या नाहीत, हे आधीच सांगते. आजींनी विश्वासाने दिल्या आहेत.

खडीसाखर
वाचतेय. वाचनखूण साठवली.

नाशिकरोड
समईवात, पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत मिळेल. दोन्ही नोटा शेजारी ठेवा आणि सह्यांच्या खालची बारीक ओळ वाचा. एका नोटेवर सहीखाली 'गव्हर्नर, कॉमनवेल्थ बँक ऑफ ऑस्ट्रेलिया' असेल आणि दुसरीत 'रिझर्व्ह बँक ऑफ ऑस्ट्रेलिया', तर दोन्ही नोटा वेगळ्या. सह्या मात्र त्याच, कूम्ब्स आणि विल्सन.

कारण असं की मध्यवर्ती बँकेचं काम आधी कॉमनवेल्थ बँकेकडेच होतं. जानेवारी १९६० मध्ये ते वेगळं काढून रिझर्व्ह बँक झाली. एच. सी. कूम्ब्स आधी तिकडचे गव्हर्नर होते, तेच इकडचे पहिले गव्हर्नर झाले. दुसरी सही रोलंड विल्सन यांची, ते अर्थखात्याचे सचिव. आपल्याकडे एक रुपयावर वित्त सचिवाची सही आणि बाकीच्या नोटांवर गव्हर्नरची. तिथे एकाच नोटेवर दोघांची.

माझे वडील नाशिक रोडच्या नोट प्रेसमध्ये होते. नोट हातात आली की आधी सही वाचायची, ही सवय त्यांनीच लावली.

मेलबर्नचा माळी
वर नाशिकरोड यांनी बरोबर सांगितलंय. संचाबद्दल मी लिहितो.

१९५३-५४ ची मालिका चारच नोटांची आहे. दहा शिलिंग तपकिरी, त्यावर मॅथ्यू फ्लिंडर्स, मागे कॅनबेराचं जुनं संसद भवन. एक पौंड हिरवा, त्यावर तरुण राणी एलिझाबेथ, मागे चार्ल्स स्टर्ट आणि हॅमिल्टन ह्यूम हे दोन शोधप्रवासी. पाच पौंड निळा, त्यावर जॉन फ्रँकलिन. दहा पौंड लाल, त्यावर पहिले गव्हर्नर आर्थर फिलिप. म्हणजे पौंडांपैकी तुमच्याकडे फक्त दहा पौंड नाही.

मग १४ फेब्रुवारी १९६६ ला डॉलर आला. एक पौंडाचे दोन डॉलर, दहा शिलिंगचा एक. आता तुमच्या नोटा जोडीने लावा. दहा शिलिंगशेजारी एक डॉलर, पौंडाशेजारी दोन डॉलर, पाच पौंडांशेजारी दहा डॉलर. रंग बघा.

समईवात
अरे देवा. तपकिरीशेजारी तपकिरी, हिरव्याशेजारी हिरवी, निळ्याशेजारी निळी! आठवडाभर बघतेय आणि हे लक्षातच आलं नव्हतं.

मेलबर्नचा माळी
हो, मुद्दाम केलेलं आहे. दहा पौंड लाल, तर वीस डॉलरही लाल-केशरी. ज्याला हिशोब जमत नव्हता त्याने नुसता रंग जुळवला तरी फसगत होत नसे. पाच डॉलरला मात्र जोडीदारच नव्हता, कारण अडीच पौंडांची नोट कधी नव्हतीच. म्हणून ती मागे ठेवली. लोकांना डॉलरची सवय होऊ दिली आणि १९६७ साली जांभळ्या रंगात बाजारात आणली.

माझ्या मते या सगळ्या काळातला हा सर्वांत शहाणा निर्णय. चित्रं नंतर बघा. आधी हे बघा की नोट कुणाच्या हातात जाणार, याचा विचार कुणीतरी केला होता.

पाटीपेन्सिल
हे वाचून १९५७ साल आठवलं. तेव्हा मी दुसरीत होतो, सांगलीजवळच्या गावात. १ एप्रिलला 'नया पैसा' आला. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला आणि आण्याचे सव्वासहा नये पैसे. आता सव्वासहा द्यायचे कसे? दुकानदार सहा द्यायचा. पावपैशासाठी आजी त्याच्याशी भांडायची. "माझा पाव पैसा तुझ्या गल्ल्यात का?" हे तिचं वाक्य घरात पुढे म्हणीसारखं चाललं.

ऑस्ट्रेलियात बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे पौंडाचे दोनशे चाळीस पेन्स. तिथल्या आज्यांनीही भांडणं केलीच असतील.

तिरपा डोळा
पाटीपेन्सिल, आजींचं वाक्य अप्रतिम.

मी जरा वेगळ्या मताचा. १९६६ च्या डॉलर नोटांचं एवढं कौतुक होतं, पण कोरीव काम बघायचं तर १९५३ ची मालिका बघा. फ्लिंडर्सच्या चेहऱ्यावरच्या रेघा भिंगातून पाहा. गालाच्या उतारावर रेघ कशी बारीक होत जाते, सावलीत कशी दाट होते. नोटेवरून बोट फिरवलं की शाई उठावदार लागते. त्या काळचे नक्षीकाम करणारे कारागीर वर्षानुवर्षं एकाच कामात मुरलेले असत. आधीच्या राजांच्या नोटांवर फ्रँक मॅनली यांचं काम आहे, तेही जरूर बघा.

डॉलर नोटांत मोकळी जागा फार. पोस्टरसारख्या वाटतात.

गोधडी
तिरपा डोळा, इथे मी तुमच्याशी भांडणार. :)

मोकळी जागा हीच तर त्या नोटांची ताकद आहे. मी डिझाइन शिकवते. गॉर्डन अँड्र्यूज हे सिडनीचे औद्योगिक डिझाइनर. खुर्च्या, फर्निचर, प्रदर्शनं अशी त्यांची कामं. रिझर्व्ह बँकेने मोजक्या डिझाइनरांकडून नमुने मागवले आणि अँड्र्यूज यांचे निवडले. नोटांचं काम आयुष्यभर करणाऱ्या माणसाने या नोटा काढल्याच नसत्या. १९५३ ची नोट बघा, चौकट, वेलबुट्टी, मधे चेहरा. नोट म्हणजे दस्तऐवज, अशी ती समजूत. अँड्र्यूज यांनी चौकट काढून टाकली. माणूस आणि त्याचं काम एकमेकांत मिसळलं. दोन डॉलरवर एका बाजूला मेंढ्या पाळणारा जॉन मॅकार्थर आणि मेरिनो मेंढा, दुसऱ्या बाजूला विल्यम फॅरर आणि गहू. वीस डॉलरवर लॉरेन्स हारग्रेव्ह आणि त्याची उडती यंत्रं.

आणि माणसं कोण निवडली बघा! १९५३ च्या मालिकेत राणी, गव्हर्नर, दर्यावर्दी आणि शोधप्रवासी. १९६६-६७ मध्ये गहू सुधारणारा, पतंग उडवणारा, कवी, वास्तुरचनाकार, वैमानिक, स्थलांतरित बायकांना आधार देणारी बाई. तेरा वर्षांत देशाने स्वतःकडे बघायची नजरच बदलली. मी तर याच्यासाठीच या नोटा जमवते.

कोकमसरबत
दहा डॉलरवरचा वास्तुरचनाकार म्हणजे फ्रान्सिस ग्रीनवे ना? तो तर बनावट कागदपत्राच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन सिडनीला आलेला कैदी! बनावट करणाऱ्याचा चेहरा नोटेवर!

गोधडी
तोच. १८१२ साली इंग्लंडमध्ये फाशीची शिक्षा झाली होती, ती कमी करून काळ्या पाण्यावर पाठवला. पुढे सिडनीत हाइड पार्क बॅरेक्स, सेंट जेम्स चर्च, मॅक्वारी दीपगृह अशी कामं त्याने केली. शहराला चेहरा देणाऱ्या माणसाला नोटेवर जागा मिळाली, मला ते मनापासून आवडतं.

मेलबर्नचा माळी
आणि पुढचं ऐका. १९६६ सालच्या डिसेंबरात, म्हणजे डॉलर येऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा खोट्या नोटा बाजारात आल्या. कुठली नोट? दहा डॉलरचीच.

रिझर्व्ह बँकेने त्यातून धडा घेतला आणि तिथल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांना सोबत घेतलं. वीस वर्षं काम चाललं. १९८८ मध्ये पहिली प्लॅस्टिकची नोट निघाली, तीही दहा डॉलरचीच. १९९६ पर्यंत सगळ्या नोटा प्लॅस्टिकच्या झाल्या. त्यामुळे समईवातच्या पाकिटातली निळी नोट नीट जपावी. त्या एका नोटेपाठीमागे बरंच रामायण घडलंय.

सागरगोटा
एक डॉलरच्या मागच्या बाजूबद्दल कुणीच का लिहिलं नाही अजून? समईवात, ती नोट उलटी करा. आदिवासी चित्रं दिसतील. त्यातला मोठा भाग डेव्हिड मलांगी यांच्या झाडाच्या सालीवरच्या चित्रावरून घेतलेला आहे. मलांगी उत्तरेकडच्या आर्नहेम लँडचे. चित्र आहे गुरमिरिंगू या थोर शिकाऱ्याच्या अंत्यविधीचं. ते त्यांच्या कुळाचं चित्र. कुणी काय रंगवायचं याचे हक्क तिथे वारशाने येतात.

चित्राचा फोटो बँकेपर्यंत पोचला, नोट छापली गेली आणि चित्रकाराला कुणी विचारलंच नाही. कुणा अनामिक जुन्या चित्रकाराचं असेल असं धरून चालले. तिकडच्याच मिलिंगिंबी बेटावरच्या एका शाळामास्तरांनी नोट बघून चित्र ओळखलं आणि आवाज उठवला. मग १९६७ मध्ये कूम्ब्स स्वतः तिकडे गेले. मलांगींना एक हजार डॉलर, मासेमारीचं साहित्य आणि चांदीचं पदक दिलं. आदिवासी चित्रकारांच्या हक्कांची चर्चा त्या देशात इथून सुरू झाली, असं मानतात.

तिरपा डोळा
सागरगोटा, धन्यवाद, हे ठाऊक नव्हतं. पण एक हजार डॉलर? कोट्यवधी नोटांवर चित्र छापून? मला हा न्याय वाटत नाही. आधी विचारायचं असतं. नंतर दिलेलं बक्षीस म्हणजे परवानगी नव्हे.

सागरगोटा
पूर्ण सहमत. मी कूम्ब्स यांची बाजू घेत नाही. एवढंच म्हणेन की चूक कळल्यावर बँकेचा गव्हर्नर स्वतः उठून गेला, आणि पुढे आदिवासींच्या प्रश्नांवर त्याने अनेक वर्षं काम केलं. वारली चित्रं साड्यांवर, कपांवर, भिंतींवर छापताना आपल्याकडे किती जणांनी पालघर-डहाणूच्या चित्रकारांना विचारलं, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारतो. माझं छपाईचं काम आहे, म्हणून.

खडीसाखर
हा प्रतिसाद दोनदा वाचला.

मुळामुठा
अवांतर: ऑस्ट्रेलियाच्या नव्या चलनाचं नाव आधी 'रॉयल' ठरलं होतं ना?

मेलबर्नचा माळी
हो, १९६३ मध्ये. पंतप्रधान मेंझिस यांच्या सरकारने 'रॉयल' जाहीर केलं. लोकांना ते मुळीच आवडलं नाही आणि काही महिन्यांतच 'डॉलर' करावं लागलं. रॉयल नोटांची चाचणी चित्रंही तयार झाली होती.

आजोळ
मंडळी, आज सकाळपासून या धाग्यामुळे माझं दुसरं काही काम झालेलं नाही. गोधडी यांनी दिलेली नावं एकेक करून शोधत बसलो, आणि काय सापडलं ते ऐका.

वीस डॉलरवरचा वैमानिक चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ. १९२८ साली 'सदर्न क्रॉस' विमानातून त्याने प्रशांत महासागर ओलांडला. नोव्हेंबर १९३५ मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला विक्रमी वेळेत पोचायच्या प्रयत्नात तो निघाला. त्याचं शेवटचं उड्डाण कुठून? अलाहाबादहून! रात्रभर उडत सिंगापूरला जायचं होतं. अंदमानच्या समुद्रावर विमान नाहीसं झालं. दीड वर्षाने ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ विमानाच्या चाकाचा सांगाडा कोळ्यांना सापडला.

पाच डॉलरवरची कॅरोलाइन चिझम. नवरा ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात, म्हणून ती आधी मद्रासला राहिली. तिथे सैनिकांच्या मुलींसाठी तिने शाळा काढली. १८३८ मध्ये सिडनीला गेली आणि एकट्या उतरलेल्या बायकांसाठी तिथे निवारा उघडला. अनोळखी गावात पोरीबाळींना आधार लागतो, हे ती मद्रासलाच शिकली असावी, असं मला वाटतं.

आणि सगळ्यांत भारी, दोन डॉलरवरचा विल्यम फॅरर. त्याचा गाजलेला गहू 'फेडरेशन', १९०१ चा. त्या गव्हाच्या वंशावळीत एक वाण आहे, त्याचं नाव 'इटावा'. आपल्या उत्तर प्रदेशातला इटावा! लवकर पिकणारा हिंदुस्थानी गहू घेऊन त्याने संकर केले. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या रानात तग धरणाऱ्या त्या गव्हात आपल्या गंगा-यमुनेच्या काठचं रक्त आहे.

पाटीपेन्सिल
वा! आजोळ, जिंकलंत. आमचा सांगलीकडचा शेतकरी म्हणतो, बी परगावचं आणावं. फॅररने तेच केलं.

समईवात
मला आता दोन डॉलरची नोट पाकिटात परत ठेववतच नाही. लेकीला दाखवली. ती म्हणाली, "आई, म्हणजे हापण आपल्यासारखा इकडे आलेला गहू."

नाशिकरोड
मी एक जोडतो. फ्लिंडर्स १८०१ ते १८०३ या काळात 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजातून ऑस्ट्रेलियाला वळसा घालत होता, तेव्हा त्याच्या जहाजावर एक पोरगेला खलाशी होता, जॉन फ्रँकलिन. दहा शिलिंगवर कप्तान आणि पाच पौंडांवर त्याचा शिकाऊ! फ्लिंडर्सला परतीच्या वाटेवर फ्रेंचांनी मॉरिशसला अनेक वर्षं अडकवून ठेवलं. फ्रँकलिन पुढे टास्मानियाचा गव्हर्नर झाला आणि शेवटी उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात गेला.

तेव्हा समईवात, त्या दोन नोटा अल्बममध्ये शेजारी ठेवा.

कोकमसरबत
आता कामाचं बोलू. मी देवगडला राहतो. इथली हवा म्हणजे कागदाचा काळ. १९५३ चा एक छान कडक पौंड मी साध्या चकचकीत प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला होता. दोन पावसाळ्यांत पाकीट चिकट झालं आणि नोटेवर तेलकट डाग आला. तो डाग बघून अजूनही वाईट वाटतं. मायलरची, म्हणजे पॉलिस्टरच्या पारदर्शक पापुद्र्याची पाकिटं घ्या. पीव्हीसीच्या वाटेला जाऊ नका. आणि कुणी कितीही सांगितलं तरी घड्या घालवायला इस्त्री करू नका, धुऊ नका, चिकटपट्टी लावू नका. घडी ही नोटेने केलेल्या प्रवासाची खूण आहे.

मुळामुठा
+१. एका विक्रेत्याने मला 'कोरी' म्हणून दोन डॉलरची नोट विकली होती. घरी आल्यावर तिरप्या उजेडात धरली तर मधोमध घडीची पुसट रेघ. दाबून सपाट केलेली. नोट नेहमी दिव्याखाली तिरपी धरून बघावी. कागद उजेडासमोर धरला की कॅप्टन कुकचं जलचिन्हही दिसायला हवं.

खडीसाखर
समईवातने पहिल्या पोस्टमध्ये 'चांदण्या' लिहिलंय. त्या काय असतात?

नाशिकरोड
छपाईत एखादी नोट खराब झाली तर तोच क्रमांक परत छापत बसण्यापेक्षा तिच्या जागी वेगळ्या मालिकेतली नोट गड्डीत घालतात. तिच्या क्रमांकाला चांदणी असते. ऑस्ट्रेलियाने पौंडांच्या काळापासून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ही पद्धत वापरली. चांदणी क्रमांकाच्या शेवटी असते. आपल्या रिझर्व्ह बँकेने २००६ पासून चांदणी आणली, ती मात्र आधीच्या अक्षरांच्या आणि आकड्यांच्या मधे.

चांदणीच्या नोटा कमी, म्हणून महाग. तसंच सह्यांचं. डॉलरवर कूम्ब्स-विल्सन मिळतात, कूम्ब्स-रँडल (विल्सननंतरचे अर्थखात्याचे सचिव) शोधाव्या लागतात, कारण ती जोडी थोडा काळच होती. एक डॉलरवर १९७४ पासून 'कॉमनवेल्थ ऑफ ऑस्ट्रेलिया'ऐवजी नुसतं 'ऑस्ट्रेलिया' आलं, म्हणून तिथेही दोन प्रकार.

गोधडी
नाशिकरोड, तुमचा मान राखून सांगते, समईवातला या वाटेने नेऊ नका. सह्या आणि चांदण्यांचा नाद लागला की डोळे चित्रावरून उठतात आणि आकड्यांवर बसतात. विशीत मीही ते केलं. चाळीस नोटा झाल्या आणि एकीचीही मागची बाजू मी नीट बघितलेली नव्हती.

नाशिकरोड
तुमचं म्हणणं समजतं. पण सही ही नोटेची जन्मतारीखच समजा. त्या नोटांवर साल छापलेलं नसायचं. सही वाचली नाही तर नोट कुठल्या काळातली हे कळत नाही, आणि काळ कळला नाही तर तुमची चित्रंही अधांतरी राहतात. मी एवढंच म्हणेन की आहे त्या नोटेची सही वाचा. प्रत्येक सहीची नोट विकत घ्यायलाच हवी असं नाही.

गोधडी
हे मान्य.

मेलबर्नचा माळी
मग समईवातच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून: चार नोटा पौंडांच्या काळातल्या आणि पाच डॉलरच्या, एकूण नऊ चित्रं. तिथे थांबा. तुमच्याकडे सहा आहेतच. हव्यात दहा पौंड, वीस डॉलर आणि पाच डॉलर. वापरलेल्या घ्या, त्या आवाक्यात मिळतात. शिवाय या नोटा आजही कायदेशीर चलन आहेत. पौंडाचेही रिझर्व्ह बँक दोन डॉलर देते. देऊ मात्र नका!

समईवात
मंडळी, दोन दिवस लिहिता आलं नाही. आजींचं सामान बांधायला जात होते.

आधी पहिल्या प्रश्नाचं: नाशिकरोड म्हणाले तसंच निघालं. एका पौंडावर कॉमनवेल्थ बँक, दुसऱ्यावर रिझर्व्ह बँक.

काल चहा पिताना आजींना इथलं सगळं वाचून दाखवलं, येईल तसं इंग्रजीत सांगत. रंगांच्या जोड्यांबद्दल ऐकल्यावर त्या हसायलाच लागल्या. १९६६ मध्ये त्या एकोणीस वर्षांच्या होत्या, इथल्याच एका कापडदुकानात गल्ल्यावर. त्या सोमवारी दुकानात गर्दी, सगळे गोंधळलेले. त्यांनी गल्ल्याच्या फळीवर जुन्या तीन नोटा आणि त्यांच्याखाली नव्या तीन अशा टाचून ठेवल्या होत्या. म्हाताऱ्या बायका पर्समधून पौंड काढायच्या आणि बोट ठेवून विचारायच्या, हिरवीला हिरवी ना? त्या टाचलेल्या नोटा नंतर मालकाने त्यांनाच दिल्या. त्याच या. दुसरा पौंड त्यांच्या पहिल्या पगारातला, वेगळा ठेवलेला.

मग मी सहाही नोटा परत उजेडात धरल्या. प्रत्येकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात टाचणीचं एक भोक आहे. इतके दिवस मला ते नोटेतलं व्यंग वाटत होतं.

तर उरलेल्या तीनही आणेन, पण आजींच्या सहा वेगळ्या पानावर राहतील. पाच डॉलरची वापरलेली जांभळी नोट आज इथल्याच एका दुकानात मिळाली. चिझमबाई आता फ्लिंडर्सच्या समोरच्या पानावर आहेत. दहा पौंडांची घाई नाही.

पाटीपेन्सिल
त्या सहा नोटांचा भोकांसकट एक फोटो टाका ना. माझ्या नातीला दाखवायचाय.

समईवात
उद्या सकाळच्या उन्हात काढते, म्हणजे भोकं नीट दिसतील.